हॉटेलचे तारे नंतर, आधी नदीवरचे पूल मोजा: लोहगाव विमानतळावरून पुण्यातल्या आलिशान हॉटेलपर्यंत

अंतरपाट दूर झाला तेव्हा आमचे मामा बंडगार्डनच्या सिग्नलला अडकले होते. लग्न डीपी रोडवरच्या लॉनवर, मुहूर्त सकाळी 11 वाजून 40 मिनिटांचा, आणि मामा-मामींना मी मोठ्या हौसेने कोरेगाव पार्कातल्या पंचतारांकित हॉटेलात उतरवलं होतं. भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकायला नागपूरहून विमानाने आलेला माणूस ऐन मंगलाष्टकांच्या वेळी ड्रायव्हरला विचारतोय, "दादा, दुसरा रस्ता नाही का हो?" मामींनी तो विषय अजून सोडलेला नाही.

हॉटेलमध्ये काही खोट नव्हती. चूक माझी. मी तारे बघितले, स्विमिंग पूल बघितला, विमानतळ जवळ आहे हेही बघितलं, फक्त लग्न कुठे आहे ते बघितलं नाही. पाहुणा विमानतळावर दोनदाच जातो, येताना आणि जाताना. कार्याच्या ठिकाणी मात्र हळदीला, सीमांतपूजनाला, लग्नाला, रिसेप्शनला अशा चकरा होतात. तेव्हापासून घरातल्या सगळ्या पाहुण्यांची सोय माझ्या गळ्यात पडली आहे आणि धडपडत शिकलेलं आता बऱ्यापैकी हातात बसलंय. तेच इथे क्रमाने सांगतो.

नकाशा उघडा आणि नदी शोधा

विमानतळ लोहगावला, म्हणजे शहराच्या ईशान्य कोपऱ्यात. तिथून गावात यायचं तर नदी ओलांडावीच लागते आणि खरी गर्दी पुलांच्या तोंडाशी होते. म्हणून मी हॉटेलांचे गट ताऱ्यांवरून पाडत नाही, नदीवरून पाडतो.

नदीच्या अलीकडे, विमानतळाच्याच बाजूला, विमाननगर, नगर रोड, कल्याणीनगर आणि येरवडा. हयात रीजन्सी आणि नोव्होटेल विमाननगरच्या नगर रोडवर आहेत, हयात पुणे आगाखान पॅलेसला लागून, आणि रिट्झ-कार्लटन येरवड्याला गोल्फ क्लब चौकात. खराडीच्या आयटी पार्कात काम असेल, एकच रात्र काढायची असेल किंवा पहाटेचं विमान असेल तर ही बाजू सोडूच नका. एकही पूल लागत नाही.

एक पूल ओलांडला की कोरेगाव पार्क आणि बंडगार्डन. ब्लू डायमंड, मंगलदास रोडचं कॉनरॅड, मुंढवा रोडला नदीकाठचं वेस्टिन, स्टेशनजवळ शेरेटन ग्रँड ही सगळी इथे. झाडी आहे, संध्याकाळी पायी फिरता येतं, खायला-प्यायला चांगली ठिकाणं आहेत. कॅम्पात खरेदी असेल, रुबी हॉल रुग्णालयात कुणाला भेटायचं असेल किंवा निव्वळ आराम करायचा असेल तर माझं मत याच भागाला. विमानतळापासून सहा-सात किलोमीटर, सकाळी लवकर वीस मिनिटं, संध्याकाळी सातला मात्र तासभर धरून चाला.

तिसरा गट पश्चिमेचा. सेनापती बापट रोडवर जेडब्ल्यू मॅरियट आहे. विमानतळावरून इथे यायला येरवडा, संगमवाडी, शिवाजीनगर असं अख्खं शहर कापावं लागतं. पण लग्न कर्वेनगरला, एरंडवण्याला किंवा डीपी रोडला असेल तर हेच हॉटेल सोयीचं. एकदा काय तो त्रास, पुढचे दोन दिवस सुखाचे. मुंबईला उतरून एक्सप्रेसवेने येणाऱ्या परदेशातल्या नातेवाइकांनाही हीच बाजू बरी, कारण ते वाकड-बाणेरकडूनच गावात शिरतात. हिंजवडीत मीटिंग असलेल्याने हिंजवडीतच राहावं, यावर वाद नको.

एक तारीख आवर्जून बघा: आषाढवारीची. माउलींची पालखी आळंदीहून विश्रांतवाडी, फुलेनगरमार्गे पुण्यात येते, म्हणजे विमानतळाच्या अंगानेच. ज्या दिवशी पालख्या येतात आणि ज्या दिवशी निघतात, त्या दोन दिवशी रस्ते कधी बंद, कधी वळवलेले. त्या दिवशी लोहगावला उतरणाऱ्याने एकतर नदीच्या अलीकडे राहावं किंवा हात जोडून गाडीतच दर्शन झालं असं समजावं.

भावाचं गणित

महाबळेश्वरला किंवा लोणावळ्याला शनिवार-रविवार महाग. पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांत बहुतेक वेळा उलटं चालतं. इथला मुख्य गिऱ्हाईक कंपन्यांचा माणूस, तो सोमवारी येतो आणि गुरुवारी-शुक्रवारी परत जातो. त्यामुळे मंगळवार-बुधवारी जी खोली परवडत नाही, ती रविवारी रात्री परवडते. याला अपवाद लग्नाच्या तिथींचा. कालनिर्णय उघडून मुहूर्त बघा, दाट मुहूर्तांचा शनिवार असेल तर दीड-दोन महिने आधी खोली धरा.

मग कर. इथे दोनशे रुपयांत बाराशेचा फरक पडतो, म्हणून जरा सावकाश वाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्याच्या वर गेलं की थेट 18 टक्के. आणि तो वाढीव रकमेवर नाही, पूर्ण भाड्यावर. म्हणजे 7,400 ची खोली करासह 7,770 ला पडते आणि 7,600 ची 8,968 ला. भाव सीमारेषेवर असेल तर हॉटेलला सरळ फोन लावून विचारायचं, "साडेसात हजारांत बसवता येईल का?" कधी कधी नाश्ता काढून बसवतात. मग नाश्ता बाहेर करायचा, पुण्यात त्याची वानवा नाही.

संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत दिसणारा आकडा बहुधा कराआधीचा असतो. शेवटच्या पानापर्यंत जाऊनच तुलना करा. 'नॉन-रिफंडेबल' भाव स्वस्त दिसतो, पण ज्येष्ठ पाहुण्यांसाठी मी तो घेत नाही. मामांचं रक्तदाब वाढलं, काकूंचा गुडघा धरला, की तिकीट फिरतं आणि खोलीचे पैसे बुडतात.

बुकिंग झाल्यावर एक फोन

बुकिंग कुठूनही करा, पण नंतर हॉटेलच्या रिझर्वेशनला स्वतः फोन करा. मी तो चार-पाच मिनिटांचा करतो आणि त्यात एवढंच विचारतो. किती वाजता पोहोचणार ते सांगून, खोली तेव्हा तयार मिळेल का? चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोन किंवा तीनला असतं, सकाळी नऊच्या विमानाने उतरणाऱ्याला ते कुणी आधी सांगत नाही. सामान ठेवून घेतात, ते फुकट. दोन वेगळे पलंग हवे आहेत की एक मोठा? आजी-आजोबांना बाथटबच्या आत शिरून आंघोळ करावी लागणार नाही ना, वेगळा शॉवर आहे ना? शेवटचा प्रश्न कुणाला सुचत नाही, पण सत्तरीतल्या माणसासाठी टबची कड ओलांडणं म्हणजे डोंगर.

आणि पुणेकरांनो, वाढदिवसाला किंवा लग्नाच्या पन्नासाव्या वर्षी आई-बाबांना आपल्याच गावातल्या हॉटेलात एक रात्र ठेवणार असाल तर पुण्याच्याच पत्त्याचं ओळखपत्र चालेल का हेही विचारून घ्या. मोठ्या हॉटेलांत अडत नाही सहसा, पण दारात उभं राहून समजण्यापेक्षा आधी समजलेलं बरं.

विमान उतरल्यावर

लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी त्यांचीच. म्हणून खिडकीतून सुखोई दिसलं तरी फोन खिशात ठेवा, इथे फोटो काढायला मनाई आहे. नवं टर्मिनल 14 जुलै 2024 पासून वापरात आलं आणि जुन्याच्या मानाने हायसं वाटतं. सामानाचा पट्टा, स्वच्छतागृह, सगळं ऐसपैस.

खरा गोंधळ बाहेर पडल्यावर. ॲपवरची टॅक्सी टर्मिनलच्या दारात येत नाही. ती एरोमॉल नावाच्या बहुमजली पार्किंगमधून घ्यायची असते. नवख्या माणसाला हे माहीत नसतं आणि पुढचा संवाद ठरलेला:

"दादा, कुठे आहात?"

"एरोमॉलला, साहेब. तुम्ही?"

"मी गेटवर."

"कुठल्या गेटवर?"

हा संवाद टाळायचा सोपा उपाय सांगतो. पट्ट्यावरून बॅग हातात येईपर्यंत टॅक्सी बुकच करू नका. बाहेर या, एरोमॉलच्या पाट्या बघत चाला किंवा तिथल्या बॅटरीच्या गाडीत बसा, आणि मॉलमध्ये पोहोचल्यावर बुकिंग करा. गाडी लागली की ड्रायव्हरला दोनच गोष्टी विचारा: कितवा मजला आणि खांबाचा नंबर काय. आधी बुक केली तर तुम्ही चालताय तोवर त्याचा धीर सुटतो आणि तो राइड रद्द करतो, किंवा वेटिंगचे पैसे चढतात.

घरचं कुणी घ्यायला येणार असेल तर त्यांनीही गाडी एरोमॉललाच लावावी. टर्मिनलसमोरच्या लेनमध्ये रेंगाळू देत नाहीत आणि तिथल्या सुरक्षा जवानाशी पुणेरी वाद घालून उपयोग नसतो.

हॉटेलची गाडी मागवावी का? आपण धडधाकट असू तर नको. सहा-सात किलोमीटरला टॅक्सीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. पण रात्री साडेअकराला एकटी मुलगी उतरणार असेल, किंवा मामांसारखा माणूस ज्याला ॲप म्हणजे काय ते समजावण्यात पुण्याला यायचा उत्साह संपतो, तर जरूर मागवा. दारात नावाची पाटी घेऊन माणूस उभा असतो, बॅग उचलतो, गाडीत पाण्याची बाटली असते. मामांनी त्या पाटीचा फोटो काढून अख्ख्या घराच्या ग्रुपवर टाकला होता.

आता स्वस्तातला मार्ग. पंचतारांकितात राहायचं आणि मेट्रोने जायचं हे ऐकून काही जण हसतील, हसोत. वनाज ते रामवाडी मार्गिकेचा रुबी हॉल ते रामवाडी हा तुकडा 6 मार्च 2024 ला सुरू झाला आणि रामवाडी स्थानक विमानतळापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. एक छोटी बॅग असेल, संध्याकाळची गर्दी असेल आणि हॉटेल बंडगार्डन किंवा रुबी हॉलजवळ असेल तर रिक्षाने रामवाडी गाठा आणि पुढे मेट्रोने सुटा. खाली नगर रोडवर गाड्या गोगलगायीसारख्या सरकत असतात, तुम्ही वरून नदी ओलांडता. जाता जाता: ही मार्गिका आधी आगाखान पॅलेसच्या समोरून जाणार होती. संरक्षित वास्तू म्हणून ती कल्याणीनगरमधून वळवली. म्हातारी माणसं आणि तीन बॅगा असतील तर मात्र हा शहाणपणा करू नका, आणि रात्री उशिरा मेट्रो नसते हेही ध्यानात ठेवा.

रिक्षा मीटरने आली तर सप्टेंबर 2022 ला ठरलेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17. मध्यरात्री 12 ते पहाटे 5 या वेळात सव्वापट. हे आकडे तोंडपाठ असले की "साडेतीनशे होतील" ऐकल्यावर चेहरा कसा करायचा ते आपोआप कळतं. पीएमपीच्या बसही विमानतळावर येतात, मार्ग आणि वेळा त्यांच्या ॲपवर बघा.

पोर्चपासून काउंटरपर्यंत

दारात गाडी थांबली की आधी डिकी उघडायला लावतात, खालून आरसा फिरवतात, बॅगा स्कॅनरमधून जातात. मामींना तो अपमान वाटला. "आम्ही काय चोर आहोत?" मी त्यांना 2010 सालचा जर्मन बेकरीचा बॉम्बस्फोट आठवून दिला, तो याच कोरेगाव पार्कात झाला. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पर्स स्वतःच पट्ट्यावर ठेवली.

काउंटरवर प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र लागतं. आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार कार्ड यांतलं एक. पॅन चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. मामांनी झिपच्या पाकिटातून लॅमिनेट केलेलं आधार काढलं, मग त्याची झेरॉक्स काढली, मग झेरॉक्सचीही झेरॉक्स निघाली. एवढं करायची गरज नाही. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि ते द्या. परदेशी नागरिकत्व घेतलेला भाऊ-बहीण असेल तर पासपोर्टबरोबर व्हिसा किंवा ओसीआय कार्ड हवंच. हॉटेलला त्यांची माहिती 24 तासांत सरकारला कळवावी लागते, त्यामुळे तिथे घासाघीस नको.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: डिपॉझिट. खोलीचे पैसे आधी भरलेले असले तरी किरकोळ खर्चापोटी काही रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर ती फक्त मर्यादेतून कमी दिसते आणि नंतर सुटते. डेबिट कार्ड दिलं तर खात्यातूनच पैसे जातात आणि परत यायला दिवस लागतात. एका हॉटेलात मी बाबांचं डेबिट कार्ड पुढे केलं, दहा हजार अडकले आणि परत यायला आठ दिवस गेले. बाबा रोज सकाळी चहाबरोबर विचारायचे, "आले का?" म्हणून क्रेडिट कार्ड द्या, ते नसेल तर रोख ठेवून पावती घ्या. रोखीचं बिल ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तर पॅन मागतात, तो नियमच आहे.

किल्ली हातात घेण्याआधी हसतमुखाने एक वाक्य टाका: "वरच्या मजल्यावरची, लिफ्टपासून लांबची आणि हॉलच्या वर नसलेली खोली मिळेल का?" पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांत लग्नं असतात, लग्नात डीजे असतो, आणि बँक्वेटच्या डोक्यावरची खोली कितीही आलिशान असली तरी झोप येत नाही. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

खोलीत

कार्ड खाचेत घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत, हे पाहुण्यांना आधी सांगा. आमची आत्या दहा मिनिटं अंधारात बसली होती. टेबलावरच्या दोन पाण्याच्या बाटल्या फुकट, फ्रिजमधल्या नाहीत. चहाची किटली, साखर-दुधाच्या पुड्या फुकट. इस्त्रीला टाकलेल्या एका सदऱ्याच्या पैशांत बाहेर आठवड्याचे कपडे निघतील, म्हणून इस्त्री आणि बोर्ड खोलीत मागवा, ते बिनपैशाचं येतं. उशी मऊ वाटली तर कडक मागा. रेझर, कंगवा, टूथब्रश विसरला असाल तर हाऊसकीपिंगला फोन करा.

नाश्ता आणि जेवण

बुफेचा नाश्ता भाड्यात धरलेला असेल तर साडेनऊच्या आधी जा. नंतर लग्नाची अख्खी वऱ्हाडं उतरतात आणि डोशाच्या तव्यापुढे रांग लागते. आत्याने तिथल्या पोह्यांकडे बघितलं, चमच्याने थोडे उचलले, परत ठेवले आणि शेफला हाक मारली. "अहो, जरा खोबरं-कोथिंबीर आहे का वरून घालायला?" तो मुलगा सातारचा निघाला. "आणतो, काकू," म्हणाला आणि दहा मिनिटांत खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड असे वेगळे पोहे घेऊन आला. मोठ्या हॉटेलात हे असं मागायला लाजू नका, त्याचेच पैसे आपण दिलेले असतात. मधुमेह, उपवास, कांदा-लसूण नको, सगळं आदल्या रात्री सांगून ठेवावं.

जेवणाच्या बिलात दोन ओळी तपासा. महाग हॉटेलांच्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी बहुधा 18 टक्के असतो, बाहेर 5 टक्के, म्हणून एखादं जेवण तिथे ठीक, बाकी बाहेर. दुसरी ओळ सर्व्हिस चार्जची. तो सक्तीचा करता येत नाही, दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च 2025 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या या सूचना कायम ठेवल्या. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. तेच पैसे बॅग उचलणाऱ्याच्या आणि खोली आवरणाऱ्या मावशींच्या हातात द्यावेत असं मला वाटतं, पण ते ज्याचं त्याने ठरवावं.

निघताना

आदल्या रात्रीच रिसेप्शनला सांगून कच्चं बिल खोलीत मागवा. सकाळी सहाला काउंटरवर पाच जणांच्या मागे उभं राहून मिनीबारच्या न खाल्लेल्या काजूंवर वाद घालण्यात विमान सुटतं. कंपनीच्या नावाने बिल हवं असेल तर जीएसटी क्रमांक चेक-इनलाच लिहून द्या, बिल पक्कं झाल्यावर बदलायला कुरकुर करतात. दुपारचं विमान असेल आणि एक-दोन तास जास्त हवे असतील तर तेही आदल्या रात्रीच मागा. हॉटेल भरलेलं नसेल तर बहुधा मिळतात.

विमानाच्या वेळेच्या दोन तास आधी टर्मिनलला पोहोचायचं धरलं, तर कोरेगाव पार्कातून सकाळी सहाच्या विमानाला साडेतीनला निघालात तरी चालतं, संध्याकाळी आठच्या विमानाला मात्र पावणेपाचला गाडीत बसलेलं बरं. सेनापती बापट रोडवरून आणखी अर्धा-पाऊण तास जोडा. डिजीयात्राची, म्हणजे चेहरा दाखवून विमानतळात शिरायच्या ॲपची, नोंदणी हॉटेलच्या वाय-फायवर आदल्या रात्री उरकून घ्या. आणि खोली सोडताना तिजोरी उघडून आत हात फिरवा. मामींच्या बांगड्या तिथे राहिल्या होत्या, आणि त्या आणायला येरवड्यापासून मागे कुणाला यावं लागलं असेल हे सांगायला नकोच.